दगड कुठपर्यंत लावायचा?

परदेशात घर घेतलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांवर कधी ना कधी ही वेळ येते. न्हाणीघर नव्याने करायचं असतं, किंवा स्वयंपाकघरात शेगडीमागच्या भिंतीवर काहीतरी 'छान' लावायचं असतं. दुकानात ट्रॅव्हर्टाइन, स्लेट, कराराचा पांढरा संगमरवर अशा नैसर्गिक दगडांच्या फरश्या मांडलेल्या असतात. आपण रंग, किंमत आणि चकाकी बघत राहतो. मग काम करणारा माणूस येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "किती उंचीपर्यंत?"

हा प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे, निदान तेवीसशे वर्षांचा. भिंत एका वस्तूची बांधायची आणि तिच्यावर पातळ कापलेला दगड दुसऱ्या, महागड्या जातीचा चढवायचा, ही कल्पना निघाली त्या दिवसापासून दगड कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा हे ठरवावं लागलं आहे. मी जुन्या इमारतींच्या चुन्यावर संशोधन करते, त्यामुळे माझं लक्ष साहजिकच दगडापेक्षा त्याच्या पाठीमागे काय आहे याकडे जातं. तुम्हालाही या लेखात मी तिकडेच नेणार आहे. वाटेत आपल्या मराठवाड्यातली एक इमारत लागेल. तिची आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे, आणि ती थट्टा मला पटत नाही.

विटेवर संगमरवर

रोमन लेखक थोरला प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात निसर्गज्ञानाचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याचा छत्तिसावा भाग दगडांवर आहे. संगमरवराचे पातळ पाट कापून भिंतीवर लावण्याचं सर्वांत जुनं उदाहरण म्हणून तो हॅलिकार्नेससच्या राजवाड्याचं नाव घेतो. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बोदरुम. राजा मौसोलस, काळ इसवी सनापूर्वीचं चौथं शतक. भिंती विटांच्या होत्या आणि वर मार्मारा समुद्रातल्या प्रोकोनेसस बेटावरचा संगमरवर लावलेला होता. मौसोलस वारल्यावर त्याची जी भव्य कबर उभी राहिली तिच्यावरून इंग्रजीतला 'मॉसोलियम' हा शब्द आला. म्हणजे कबर आणि भिंतीवरचा संगमरवर ही जोडी एकाच घराण्यातून इतिहासात आली.

रोममध्ये ही चाल आणणारा माणूस राजा नव्हता, तो सैन्याचा कंत्राटदार म्हणावा असा होता. ममुरा हा गॉलच्या मोहिमांत ज्यूलियस सीझरचा मुख्य अभियंता. सीलियन टेकडीवरच्या आपल्या घराच्या सगळ्या भिंती संगमरवराने मढवणारा रोममधला पहिला मनुष्य तोच, असं प्लिनी एका जुन्या लेखकाच्या हवाल्याने सांगतो. सांगताना त्याचा स्वर कौतुकाचा नाही. लढाईत मिळालेला पैसा भिंतीवर चढवला, असा त्याचा रोख आहे. कवी कटलसने याच ममुराच्या उधळेपणावर जहरी कविता केल्या. दगडी भिंत आणि 'हा पैसा आला कुठून?' ही कुजबुज, दोन्ही एकदमच सुरू झाल्या असं म्हणायला हरकत नाही.

पुढे ऑगस्टसने विटांचं रोम संगमरवराचं केलं, असं जे सांगितलं जातं त्यातला बराचसा संगमरवर वरचा थर होता. आत वीट आणि काँक्रीट तसंच राहिलं. रोमचे भग्नावशेष पाहायला जाल तेव्हा विटांच्या उघड्या भिंतींवर ओळीने असलेली लहान भोकं शोधा. संगमरवराचे पाट जागेवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या आकड्यांची ती भोकं आहेत. नंतरच्या शतकांत लोकांनी पाट काढून नेले, काही पुन्हा वापरले आणि काही भट्टीत जाळून त्यांचा चुना केला. संगमरवर म्हणजे शेवटी चुनखडीच. भाजली की तिचा चुना होतो आणि दुसऱ्या कुणाच्या भिंतीला उपयोगी पडतो.

या पाटांच्या मागे रोमन गवंडी काय करत होते? भिंतीवर चुन्याचा जाड थर द्यायचा, त्यात कुटलेली वीट मिसळायची. आपल्याकडे हिला सुरखी म्हणतात. पाट आणि भिंत यांच्यामध्ये विटेचे किंवा दगडाचे कपचे ठेवून अंतर सारखं करायचं. कडेला भोक पाडून धातूचा आकडा भिंतीत रोवायचा. वजन खालच्या पाटावर बसायचं, आकडा फक्त पाट पुढे कलू देत नसे. ओळंबा धरून एकेक पाट सरळ करत वर जायचं. आजचा कारागीर लेझर वापरतो, पण भिंत सरळ नसते आणि दगड सरळ दिसला पाहिजे, ही अडचण जशीच्या तशी आहे.

वाळू कापते, करवत नाही

संगमरवराचा पाट कापायचा कसा? प्लिनीने याचं उत्तर अगदी नेमकं दिलं आहे. कापते ती वाळू. लोखंडी पात्याला दात नसतात. ते फक्त वाळूला एका बारीक रेषेत दाबून मागेपुढे फिरवतं आणि वाळूचे कण दगड झिजवत जातात. म्हणून वाळू कुठली यावर सगळं अवलंबून. इथिओपियाची सर्वांत चांगली आणि तिच्या खालोखाल हिंदुस्थानची, असं तो लिहितो. आपली वाळू जरा मऊ, तिने कापलेला पृष्ठभाग तितका गुळगुळीत येत नाही, पण भाजून घासली तर झिलईला चालते. हिंदुस्थानातून मोती आणणंही ज्यांना उधळपट्टी वाटावी त्या रोमनांनी दगड कापायला तिथून वाळू मागवावी, याचं त्याला नवल आणि थोडा संतापही आहे.

पुढचा तपशील तर घरकाम करवून घेतलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. लबाड कारागीर जवळची जाडीभरडी वाळू वापरतात, असं प्लिनी सांगतो. तिने चीर रुंद पडते, दगड वाया जातो, पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि पाट पातळ होत जातात. गिऱ्हाईक भिंतीवर चकाकी बघतं, जाडी बघत नाही, हे ठेकेदारांना तेव्हाही ठाऊक होतं.

हाताने कापण्याचं हे काम पुढे पाण्याने घेतलं. तुर्कस्तानातल्याच हिएरापोलिस येथे एका शवपेटीवर तिसऱ्या शतकातलं कोरीव चित्र आहे. पाणचक्की, दात्यांची चाकं आणि दांड्यांनी मागेपुढे होणाऱ्या दोन करवती त्यात दिसतात. गोल फिरण्याचं सरळ मागेपुढे होण्यात रूपांतर करणारी ही आपल्याला माहीत असलेली सर्वांत जुनी यंत्रणा. आगगाडीच्या इंजिनात नेमकं उलट होतं, पण तत्त्व हेच. ते जगात पहिल्यांदा दिसतं ते दगडाच्या फरश्या कापताना.

एका ठोकळ्यातून लागोपाठ कापलेले दोन पाट पुस्तकाच्या पानांसारखे उघडले तर दोन्हींवरच्या रेषा एकमेकींचं प्रतिबिंब होतात. इस्तंबूलच्या हागिया सोफियाच्या भिंतींवर हे मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळतं. ही इमारत ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत उभी राहिली. प्रोकोनेससचा करडा-पांढरा, थेसलीचा हिरवा, इजिप्तचा जांभळा असे साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतले दगड एका छताखाली आले. भिंतीकडे पाहून साम्राज्याचा नकाशा वाचता यावा, असा त्यामागचा एक हेतू होता. आज महागड्या हॉटेलच्या दालनात 'बुकमॅच' म्हणून जे दाखवतात ते काम चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी इथे झालं आहे.

हे खोटं आहे का?

विटेला संगमरवराचा मुखवटा घालणं ही फसवणूक आहे का, हा वाद एकोणिसाव्या शतकात रंगला. जॉन रस्किन हा साहित्याच्या सच्चेपणाचा कडवा पुरस्कर्ता. लाकडावर संगमरवराचा रंग काढणं त्याला पाप वाटे. पण व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवर लिहिताना त्याने मढवलेल्या भिंतींची बाजू घेतली. त्याचा युक्तिवाद असा, की पातळ पाट पातळ दिसत असेल, त्याचे जोड आणि खिळे उघड असतील, तर कुणीही फसत नाही. शिवाय व्हेनिसला दगडाची खाण नव्हती. दूरवरून जहाजाने आणलेला मौल्यवान दगड भिंतीच्या पोटात गाडून टाकण्यापेक्षा तो जास्तीत जास्त पसरून लावणं हेच शहाणपणाचं होतं.

व्हिएन्नाचा वास्तुविशारद आडोल्फ लोस याने १८९८ साली 'आच्छादनाचं तत्त्व' या लेखात हेच जास्त ठामपणे मांडलं. आच्छादनाने आच्छादनासारखंच दिसावं, आतल्या वस्तूशी त्याची गल्लत होऊ नये, एवढाच त्याचा नियम होता. ग्रीसच्या युबिया बेटावरच्या हिरवट पट्ट्यांच्या सिपोलिनो दगडाची त्याला आवड होती. व्हिएन्नात मिखाएलरप्लाट्झवरच्या त्याच्या गाजलेल्या इमारतीच्या दर्शनी भागावर तो दिसतो. ममुराच्या घरातल्या खांबांबद्दल बोलताना प्लिनी ज्या कॅरिस्टसच्या दगडाचं नाव घेतो, तो याच बेटावरचा.

ही कसोटी लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर दख्खनला चला.

मकबऱ्यातली रेघ

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. 'दख्खनचा ताज' असं मार्गदर्शक म्हणतो आणि मागून कुणीतरी 'गरिबांचा ताज' म्हणून हसतं. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये औरंगाबादेत वारली. राबिया-उद-दौरानी हे तिला मरणोत्तर मिळालेलं नाव. तिची ही कबर. मुलगा आझमशहाने आईसाठी ती १६५१ ते १६६१ या काळात बांधली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण हा हिशेब जुळत नाही. आझमशहाचा जन्म १६५३ चा. १६५१ मध्ये तो जन्मला नव्हता आणि त्याची आई जिवंत होती. १६६१ मध्येसुद्धा तो आठ वर्षांचा. तेव्हा काम बापाच्या हुकमाने आणि खजिन्यातून झालं असणार, हेच सयुक्तिक आहे. मुख्य दरवाजावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी दोन नावं आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे नक्कल करणारा कुणी परका नव्हता, घरातलाच पुढच्या पिढीचा माणूस होता.

खर्चाचा आकडा गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त आला आहे, ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. ताजसाठी दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी पन्नास लाख रुपये सांगतो, नंतरचे लोक त्याहून कितीतरी जास्त. खालचाच आकडा धरला तरी अताउल्लाच्या हातात बापाच्या कामाच्या सातव्या हिश्श्याइतकाही पैसा नव्हता. दगडही दूर. पांढरा संगमरवर राजस्थानातून आणायचा. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या कबरीसाठी संगमरवर वाहून नेणाऱ्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्याचं लिहिलं आहे. त्यातल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपले होते. घाट, नद्या, चिखल आणि दगडाखाली वाकलेला आस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे एकेका पाटाची खरी किंमत कळेल.

मग अताउल्लाने काय केलं? संगमरवर त्याने भिंतीच्या खालच्या पट्ट्यात, साधारण माणसाच्या हाताच्या टप्प्यात येईल तिथे लावला. त्याच्यावर घुमटाच्या बैठकीपर्यंत आपला स्थानिक काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, वापरला आणि त्यावर चुन्याचा बारीक, घोटून चकचकीत केलेला गिलावा दिला. घुमट पुन्हा संगमरवराचा. आत खाली कबरीभोवती अष्टकोनी जाळीही संगमरवराची. म्हणजे जिथे हात लागतो, जिथे पाणी उडतं आणि जिथे लांबून नजर जाते, तिथे अस्सल दगड. मधल्या मोठ्या क्षेत्रफळावर चुना.

भिंतीच्या या खालच्या पट्ट्याला मुघल इमारतींच्या भाषेत 'इजारा' म्हणतात. आपल्या मराठीतल्या 'इजार' या शब्दाशी त्याचं नातं उघड आहे. भिंतीला कमरेपर्यंत नेसवलेलं वस्त्रच ते. गंमत म्हणजे आपले गवंडी आजही न्हाणीघरातल्या टाइलच्या पट्ट्याला 'डॅडो' म्हणतात. तो शब्द इटालियन वळणाने इंग्रजीत आणि तिथून मुंबईच्या बांधकामांवर आला. शब्द बदलले, पट्टा तिथेच आहे.

कारण त्या पट्ट्याचं काम बदललेलं नाही. जमिनीवर उडालेलं पाणी भिंतीवर साधारण गुडघ्यापर्यंत येतं. खांदे, कोपर, हात, बादल्या, खुर्च्यांच्या पाठी हे सगळं कंबरेच्या आसपास घासतं. चुन्याचा गिलावा कितीही सुंदर घोटला तरी रोजचं घासणं त्याला सोसत नाही. वर मात्र तो शतकानुशतकं टिकू शकतो, दुरुस्त करता येतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. मकबऱ्याचा गिलावा पावसाळ्यांनी काळवंडतो, झडतो, पुरातत्त्व खात्याला पुन्हापुन्हा त्यावर काम करावं लागतं, हे खरं आहे. पण ही त्या निवडीची चुकती करावी लागणारी किंमत आहे. पुन्हा गाड्याच जुंपायच्या झाल्या असत्या तर कबर पुरी झाली असती की नाही कुणास ठाऊक.

ताजमहाल तरी अखंड संगमरवराचा कुठे आहे? त्याच्याही पोटात वीट आणि चुना आहे, वरचे पाट लोखंडी आकड्यांनी धरलेले आहेत. फरक एवढाच, की आग्र्याला खजिना पुरला आणि रेघ दिसली नाही. औरंगाबादला ती दिसते. रस्किन आणि लोसची कसोटी लावली तर मकबरा जास्त सच्चा ठरतो, कारण दगड कुठे थांबला हे तो लपवत नाही. 'गरिबांचा ताज' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की सात लाखांत आणि तीनशे बैलगाड्यांत तुम्ही कुठे थांबला असता?

पुण्यातही दगडाच्या रेघेची एक गोष्ट सांगतात. थोरल्या बाजीरावाने १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला. वाडा सगळा दगडी बांधायचा होता, पण दगडी वाड्याचा मान फक्त छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्याला गेली आणि वरचं काम विटांचं झालं. ही तोंडी आलेली गोष्ट आहे, ती तेवढ्याच विश्वासाने घ्यावी. पण १८२८ च्या आगीत वरची लाकूड-विटांची घरं जळून गेली आणि आज आपण जातो तेव्हा दगडी जोती आणि तट उरलेले दिसतात, एवढं मात्र डोळ्यांसमोर आहे. दगड कुठपर्यंत, हे पैसा ठरवतो, ओल ठरवते, आणि कधी मानपानही.

तुमची भिंत

आता तुमच्या घरी येऊ. रोमन भिंत आणि तुमची भिंत यांच्यात खरा फरक पाठीमागच्या वस्तूत आहे. अमेरिका-ब्रिटनमधल्या घरांत आतल्या भिंती बहुधा जिप्समच्या तक्त्यांच्या असतात. ऑगस्टीन सॅकेटने १८९४ मध्ये अशा तक्त्याचं पेटंट घेतलं. भिंत त्यामुळे झटपट उभी राहू लागली, पण भार घेण्याची तिची ताकद मर्यादित झाली. दगड चिकटवण्याची पद्धतही बदलली. पूर्वी सिमेंट-वाळूचा जाड थर द्यावा लागे. १९५० च्या दशकात अमेरिकेत पातळ थराचा, रसायनं मिसळलेला सिमेंटचा मसाला आला. कनेक्टिकटमध्ये १९५६ साली आपली कंपनी काढणारे रसायन अभियंता हेन्री रॉथबर्ग यांचं नाव त्या बदलाशी जोडलेलं आहे. काही मिलिमीटरच्या थराने दगड उभ्या भिंतीवर टिकू लागला आणि राजवाड्यातली चैन मध्यमवर्गाच्या न्हाणीघरात आली.

हिशेब सोपा आहे. संगमरवराची घनता पाण्याच्या साधारण २.७ पट. एक सेंटिमीटर जाडीची फरशी म्हणजे चौरस मीटरला २७ किलो, आणि मसाला धरून तीसच्या आसपास. ब्रिटनमध्ये टाइलच्या धंद्यात सांगितली जाणारी मर्यादा अशी, की प्लास्टरचा हात फिरवलेल्या भिंतीवर चौरस मीटरला २० किलो, उघड्या जिप्सम तक्त्यावर ३२ किलो. म्हणजे प्लास्टर केलेल्या भिंतीवर एक सेंटिमीटरचा संगमरवर बसतच नाही, आणि उघड्या तक्त्यावर जेमतेम बसतो. जिथे रोज पाणी लागतं तिथे जिप्समऐवजी सिमेंटचा तक्ता आणि त्यावर पाणी अडवणारा थर हवा. दगडातून पाणी मागे झिरपतं, सांध्यांतूनही झिरपतं. दगड लावला म्हणजे भिंत जलरोधक झाली, हा गैरसमज अनेकांना महागात पडतो.

आणखी दोन-तीन गोष्टी. फिकट संगमरवरामागे पांढराच मसाला वापरायला सांगा, करडा असेल तर तो आरपार सावळा दिसतो. 'हिरवा संगमरवर' म्हणून विकले जाणारे काही दगड खरे संगमरवर नसतात, सर्पेंटाइन असतात. पाण्याच्या मसाल्याने ते ओल पिऊन वाकतात, त्यांना इपॉक्सी लागतं. झिलई केलेल्या संगमरवराच्या दरजा भरताना वाळूविरहित मसाला घ्यावा, नाहीतर चरे पडतात. आणि हे खास आपल्यासाठी: संगमरवर, ट्रॅव्हर्टाइन हे सगळे चुनखडीच्या कुळातले, आंबटाशी त्यांचं जमत नाही. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी शिंतोड्याएवढं जरी पडलं तरी झिलई खाल्ली जाते, आणि ते डाग नसतात, दगडच विरघळलेला असतो. हळद तर छिद्रांत जाऊन बसते. रोज फोडणी होणाऱ्या शेगडीमागे संगमरवर लावण्याआधी हे मनाशी धरा. आपल्याकडच्या ओट्यांवर काळा कडाप्पा का आला, याचं काही अंशी उत्तर यातच आहे. तोही चुनखडीच्या कुळातला, पण काळ्या रंगावर हळदीचे डाग दिसत नाहीत आणि ओरखड्यांचं कुणाला वाईट वाटत नाही.

धूळ

एक गोष्ट मात्र दुकानातल्या नमुन्यावर लिहिलेली नसते. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. दगड फोडणाऱ्यांच्या छातीत धूळ साठून दमा आणि क्षय होतो, हे त्यात नोंदलं आहे. आज आपण त्याला सिलिकोसिस म्हणतो. स्फटिकी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात रुतून बसतात आणि ते भरून येत नाही. राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणींत हा आजार इतका पसरला, की २०१९ मध्ये त्या सरकारला यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं. तिथलाच वालुकाश्म ब्रिटनमधल्या कित्येक अंगणांत पसरलेला आहे.

संगमरवर आणि चुनखडीत सिलिका फार कमी असते. ग्रॅनाइटमध्ये बरीच, वालुकाश्मात त्याहून जास्त. सर्वांत घातक ठरला तो 'इंजिनिअर्ड' क्वार्ट्झ दगड. त्यात ९० टक्क्यांहून अधिक सिलिका असू शकते. तो कोरडा कापणाऱ्या तरुण कामगारांना काही वर्षांतच असाध्य आजार होऊ लागला. यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या निर्मितीवर, पुरवठ्यावर आणि वापरावर बंदी घातली. तुम्ही जिथे राहता तिथे तो अजून मिळत असेल. घरी काम करणारा माणूस दगड पाणी सोडून ओला कापतो की कोरडा, तोंडाला नीट मास्क आहे का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. तुमच्या मुलांचे श्वासही त्याच घरात चालू असतात. प्लिनीने वाळूबद्दल इतकं बारकाईने लिहिलं, गिऱ्हाइकाची फसवणूक कशी होते तेही सांगितलं. करवत ओढणाऱ्याच्या छातीत काय जातं, हे तिथे लिहिलेलं नाही. निदान आपण तरी तो प्रश्न विचारला पाहिजे.

तेव्हा काम करणारा माणूस "किती उंचीपर्यंत?" असं विचारेल तेव्हा घाईने 'छतापर्यंत' म्हणू नका. पाणी कुठवर येतं ते पाहा, मागची भिंत किती वजन घेते ते विचारा, आणि खिशाचा अंदाज घ्या. कमरेपर्यंत चांगला दगड आणि वर नीट घोटलेला चुना किंवा साधा रंग, यात कमीपणा काही नाही. पाहुण्यांपैकी कुणी "वर का नाही लावलं?" असं विचारलंच, तर त्यांना औरंगाबादच्या अताउल्लाची गोष्ट सांगा. आणि पुढच्या सुट्टीत देशात जाल तेव्हा मकबऱ्यात घुमटाकडे बघण्याआधी जरा खाली भिंतीकडे बघा. संगमरवर संपून गिलावा सुरू होतो तिथे बोट ठेवता येतं.